आते, ती हरळीच होती

आते, तुझ्या बाराव्याला आलेल्या एकूण एक माणसाने तुझ्या शेवटच्या तीर्थयात्रेचं कौतुक केलं. "गोकर्ण, उडुपी सगळं करून गेली, पुण्यवान बाई," असं म्हणत तुझ्या नणंदेने तर डोळ्यांना पदर लावला. मी समोरच्या पंगतीत जेवत होतो. मला हसू आवरेना, म्हणून मिरची चावल्याचं नाटक केलं आणि पाणी पाणी करत मागच्या दारी पळालो. आपण गोकर्णाला गेलो होतो हे खरं. हात जोडले, प्रसाद घेतला, हेही खरं. पण त्या यात्रेचा मुख्य देव मंगळूरच्या पुढे एका डोंगरावर होता, त्याच्या डोक्यावर लाल झेंडा होता आणि त्याच्या गाभाऱ्यात पांढरा चेंडू पडत होता, हे त्या पंगतीत फक्त मला ठाऊक होतं. मला आणि तुला. आणि तू फोटोत हार घालून मख्ख बसली होतीस. मला आयुष्यभर 'नाटक्या' म्हणालीस, पण तुझ्यासारखी नटी मी पाहिली नाही.

सुरुवात डिचोलीच्या डॉक्टरकडे झाली. तुझ्या गुडघ्यांसाठी मी तुला घेऊन गेलो होतो. बाहेरच्या खोलीत टीव्ही चालू, आवाज बंद. पडद्यावर हिरवंगार मैदान आणि त्यात चारपाच माणसं सावकाश चाललेली. कुणी धावत नव्हतं, कुणी कुणाला ढकलत नव्हतं. मध्येच एकजण थांबे, काठी फिरवी, की पुन्हा सगळे आपले चालायला लागत. नर्सने तुझं नाव पुकारलं, तरी तू हलली नाहीस.

"आते, आपला नंबर."

"थांब रे. हे खंय चलले ते बघूं दी."

"खेळतायत ते. गोल्फ."

"ह्यो खेळ? माका वाटला, कोण तरी मोठो माणूस मेलो आणि हे पोचवूक चलले." मग जरा वेळाने, "हा सगळा परदेशातला मा?"

"गोव्यात पण आहे की, आते."

"गोव्यात?" तू माझ्याकडे वळलीस. "आणि माका कोणी सांगूंक नाय?"

घरातलं लग्न तुझ्यापासून लपवून ठेवावं, तसा तुझा सूर होता. डॉक्टरने गुडघे दाबून दाबून बघितले, पण तुझं लक्ष दाराच्या फटीतून टीव्हीकडे. गाडीत बसल्यावर म्हणालीस, "नाटक्या, माका एकदा थंय चलाचा आसा. अनवाणी." झालं. तुझ्या तोंडातून एखादी गोष्ट एवढ्या कमी शब्दांत निघाली, की ती होईपर्यंत घरात कुणाला शांतता मिळायची नाही, हे आमच्या बाबांनी मला लहानपणीच बजावलं होतं. ते तुझे थोरले भाऊ, त्यांनी भोगलेलं.

तुला त्या हिरव्याचं एवढं का, हे मी तेव्हा विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. तू जन्मलीस पेडण्यात, काजूच्या डोंगराखाली. लग्न होऊन गेलीस डिचोलीकडच्या त्या गावात, जिथे खाण ऐन जोरात होती आणि घरासमोरून खनिजाचे ट्रक धावत. दोरीवरचं धुणं तांबडं, तुळस तांबडी, खिडकीच्या गजांवर बोट फिरवलं की बोट तांबडं. मामा, म्हणजे तुझे यजमान, हयात असताना त्यांच्या तोंडावर म्हणायचीस, "माका विधवा होऊन उपेग नाय. पांढरा लुगडा सांजेपर्यंत तांबडा जातला." आणि मामाच सगळ्यांत मोठ्याने हसायचे. मग खाण बंद पडली, ट्रक गेले, मामाही गेले. राहिला तो डंप, खाणीतल्या टाकाऊ मातीचा डोंगर. दर पावसाळ्यात तो थोडा थोडा घसरून तुझ्या शेतात येऊन बसायचा. भात बंद झालं. मग भाजीही बंद झाली. शेताच्या बांधावर उभी राहून तू एकदा मला म्हणाली होतीस, "हंय आता फक्त चिखल पिकता." तेव्हा मात्र हसली नव्हतीस.

तर आपली पहिली मोहीम. थंडीचे दिवस, दक्षिण गोवा. तिकडे समुद्राला लागून मोठ्या हॉटेलांची अशी मैदानं आहेत. माझं म्हापशात नाटकाच्या कपड्यांचं दुकान, त्यामुळे वेशांतराला काय तोटा? मी 'श्रीमंत काका'चा निळा कोट चढवला, गळ्यात रुमाल बांधला आणि फाटकाशी गाडी थांबवून आवाज खालच्या पट्टीत नेला. "आत सांगा, शेट आलेत."

पहारेकऱ्याने वाकून माझ्याकडे नीट बघितलं. मग त्याच्या मिशीत हसू फुटलं. "रागावूं नकात हां, पण तुमी आमच्या वेंगुर्ल्याक जत्रेच्या नाटकात राक्षस झालल्यात. मारतेवेळी तलवार मोडली ती तुमचीच मा?"

आते, तू इतकी हसलीस की मला तुला पाणी पाजावं लागलं. कोट काढून मी मागच्या सीटवर फेकला. त्या भल्या माणसानेच वाट दाखवली. "आत सोडलंय तर माझी नोकरी जातली. पण हंयसून उजव्या हाताक वळा. दर्याची वाट सगळ्यांची."

आपण वाळूतून चालत गेलो आणि माडांच्या फटीतून ते दिसलं. खरं सांगतो, तोवर मी हे सगळं तुझ्या हट्टापायी करत होतो. पण तिथे मीच तुझ्याआधी पुढे सरकलो. वाळू संपत होती आणि हिरवं सुरू होत होतं, मध्ये कुंपण नाही, नुसती एक दोरी. गवतावर दंव होतं आणि माडांच्या लांब सावल्या त्या दंवातून समुद्राकडे गेल्या होत्या. एका बाजूला लाट फुटत होती, दुसऱ्या बाजूला ती हिरवळ, एखाद्याने श्वास रोखून धरावा तशी निश्चल. दोन गोष्टी इतक्या जवळ आणि इतक्या वेगळ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या. मी रंगमंचावर इंद्रसभा उभी केलेला माणूस, आते. पण आमच्या पडद्यावरचा रंग त्या हिरव्यापुढे चुन्यासारखा वाटला.

तू मात्र शंका काढलीसच. "दर्या इतको जवळ, आणि तेंनी वाळू आत कशाक नेली?"

"तो खड्डा मुद्दाम केलेला असतो. चेंडू अडकायला."

"म्हणजे आपणच आपल्या वाटेत खड्डो खणायचो?" तू मान डोलावलीस. "बरोबर. संसार म्हणतत तो ह्योच."

तेवढ्यात कुणाचा तरी चेंडू भिरभिरत आला आणि सरळ लाटेत गेला. तू हात जोडलेस. "दर्याक दिलो." मी दोरी उचलून धरली. "चल आते, कुणी बघत नाही."

"चोरून देवळात शिरतत काय रे?"

"हे देऊळ नाही."

"तुका काय म्हायत? निशाण दिसता मा?"

आता तुझी चूक माझ्या लक्षात आली. दूर हिरवळीच्या मधोमध ती काठी, तिच्यावर तो छोटा लाल झेंडा. पेडण्या-डिचोलीत मोकळ्या माळावर एकटा झेंडा दिसला की तिथे कुणी तरी देव असतोच, आणि आसपासची जागा अशी झाडलोट केलेली असली तर तो जागृत असतो. तू चपला वाळूत काढल्यास, दोरीच्या अलीकडूनच नमस्कार केलास आणि मागे फिरलीस. मला वाटलं, हौस फिटली. फोंडा मागे पडल्यावर म्हणालीस, "लांबसून दर्शन म्हणजे दर्शन न्हय."

म्हणून मे महिन्यातली ती 'तीर्थयात्रा'. तुझ्या सुनेने, मंदाने, भक्तिभावाने दशम्या बांधून दिल्या. देवासाठी नारळ दिला. तो नारळ खरोखर देवालाच वाहिला, याची नोंद वर असेल. कारवार सोडल्यापासून डोंगर जळून पिवळे झालेले, जांभा तापलेला, गाडीत तुझ्या तोंडाला कोरड. दुसऱ्या दिवशी सकाळी मंगळूरच्या पुढे त्या डोंगरावर वळण घेतलं आणि तू माझा दंड धरलास. घट्ट.

मोठं वगैरे असेल असं मला वाटलं होतं. पण ते मोठं नव्हतं, ते उतरत होतं. अख्खा डोंगर पायऱ्या पायऱ्यांनी हिरवा होऊन खाली उतरत होता, आणि खाली जिथे उतार संपतो तिथे समुद्राची निळी रेघ. भोवती सगळं मे महिन्याने भाजून काढलेलं, जांभ्याच्या कडा उघड्या पडलेल्या, आणि मधोमध हे. जणू पावसाळ्यातला एक तुकडा कुणी तरी लपवून ठेवला होता आणि आपण नेमके त्याच्या दारात येऊन उभे राहिलो होतो. मला प्रॉम्प्टर कधी लागत नाही, पण तेव्हा कुणी पुढचं वाक्य सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मी कोटाकडे हात नेला. "तो थंयच ठेव," तू म्हणालीस, आणि स्वतःच पुढे झालीस. मैदानाची देखरेख करणारा एक पोक्त माणूस नळी गुंडाळत होता. तू त्याच्यासमोर उभी राहिलीस आणि आपल्या कोकणीत सरळ विचारलंस, "पुता, म्हाका ह्या तणार मात्शें चलूंक मेळतलें?" गवतावर जरा चालायला मिळेल का, एवढंच.

त्या माणसाच्या हातातली नळी खाली पडली. मंगळूरची कोकणी आपल्यापेक्षा वेगळी, पण 'पुता' सगळीकडे 'पुता'च. "यो मांय, यो," तो म्हणाला. खेळणारी मंडळी पुढे सरकेपर्यंत थांबा, एवढीच त्याची अट. मी आणलेले कोट, रुमाल, नकली आवाज, सगळं गाडीत पडून राहिलं. सरळ विचारून बघावं, हे मला नाटकवाल्याला सुचलंच नव्हतं.

आते, तू चाललीस. चपला कडेला काढून, साडी किंचित उचलून, पहिलं पाऊल ठेवलंस आणि थांबलीस. मी घाबरलो, गुडघा अडला की काय. पण तू डोळे मिटले होतेस. मग दुसरं पाऊल. तुला इतकं सावकाश चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. तू तर देवळातसुद्धा प्रदक्षिणा घाईत उरकायचीस. झेंड्यापाशी पोचलीस, वाकून काठीच्या बुडाशी असलेल्या भोकात बघितलंस.

"देव खाली आसा?"

आपल्याकडे काही पिंडी जमिनीखाली खोल असतात, म्हणून विचारलंस ते. मी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, "हा भोकेश्वर. फार कडक."

तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "थट्टा पुरे. गाऱ्हाणा घाल."

आपल्या मुलखात देवाला उभ्याने, मोठ्या आवाजात साकडं घातल्याशिवाय काही शुभ होत नाही, आणि साकड्याला बाकीच्यांनी 'होय महाराजा' म्हणून साथ द्यायची असते. मी मजेत सुरुवात केली, जत्रेत करतो तशी. "बा देवा महाराजा, हंयच्या जागेवाल्या! ज्यान कोणी ही जागा राखली आसा, तेचा बरा कर महाराजा!"

"होय महाराजा!" तू म्हणालीस, एकटीच, खणखणीत.

"आज ही तुझी लेक, डिचोलीच्या तांबड्या मातीतसून तुझ्या पायाकडे इली आसा..." आणि इथे मी जत्रेतला सूर सोडला, आते. मजा कुठच्या कुठे गेली. "तिच्या पायाखाली हिरवा रवांदी महाराजा," एवढंच म्हणालो. "होय महाराजा," तू हळूच म्हणालीस. मागे एक म्हातारे खेळाडू पिशवी घेऊन खोळंबले होते. त्यांना भाषा कळली नसावी, पण त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

मग तू खाली बसलीस. गवतावर तळवा फिरवलास, कडेचं थोडं लांब वाढलेलं पातं चिमटीत धरलंस, त्याची पेरं बोटाने मोजल्यासारखी चाचपलीस, आणि एकदम ओरडलीस, "रे नाटक्या! ही हरळी!"

देखरेखवाल्याने काही तरी बर्म्युडा म्हणून नाव सांगितलं. "नाव काय ता ठेव," तू म्हणालीस, "पण ही हरळी. गणपतीक दूर्वा म्हणून घालतंव ती." तो माणूस हसला आणि मान डोलवत म्हणाला, "वय मांय, तीच." मी नंतर चौकशी केली. तू बरोबर होतीस. जातिवंत, खानदानी, पण हरळीच. शेतात शिरली की शेतकऱ्याच्या घरात सुतक. तुझ्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ती उपटण्यात उन्हाळेच्या उन्हाळे घालवले. तू गवतावरून हात उचललाच नाहीस. "बापायन आयुष्यभर हिका उपटली. आणि राखली, तर ही अशी जाता?" तुझ्या चेहऱ्यावर जे होतं, त्याला मी आश्चर्य म्हणणार नाही. आपल्या घरातलं ओवाळून टाकलेलं पोर परगावात राजा झालेलं दिसावं, तशी तू बघत होतीस.

पुढे काय केलंस ते मी पंगतीत सांगू शकलो नाही. चोरून देवळात शिरायचं नाही, पण शिरल्यावर देवळातून चोरायला हरकत नाही, असं तुझं शास्त्र निघालं. त्या देखरेखवाल्याने पाठ फिरवली, मुद्दामच फिरवली असं मला वाटतं, आणि तू कडेची हरळी मुळांसकट उपटून ओल्या रुमालात गुंडाळलीस. गोकर्णाच्या प्रसादाच्या पिशवीत, अगदी तळाशी.

परतताना गाडीत आपलं भांडण झालं. आपल्या पेडण्याच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या त्या जांभ्याच्या पठारावर, असंच मैदान होणार, ही कुजबुज तू ऐकली होतीस. ग्रामसभेत मी त्याविरुद्ध घसा फोडून बोललो, हेही तुला ठाऊक होतं.

"सडा राखायला हवा, आते. तिथलं पाणी, काजू. तिथे राखणदार आहे, त्याची जागा आहे." गावाची राखण करणारी ती अदृश्य शक्ती. तिचं नाव मी हुकमी पान म्हणून टाकलं.

"तुझ्या सड्यार राखणदार रवता म्हणून तू बोलतंस," तू म्हणालीस. "आमच्या गावचो कधीच ट्रकात बसून गेलो."

"म्हणजे सड्यावर होऊ दे?"

"सड्यार कशाक? थंय सगळा आसा. आमच्या डंपार करा म्हण. जंय कोण राखीत नाय, थंय राखा."

"तुझ्या डंपावर खेळायला येणार कोण?"

"ता माका इचारू नको. तुका राखणा म्हणजे हात न लावणा वाटता. त्या मंगळुराच्या माणसाक इचार, दिसाक कितकी वेळा हात लायता तो."

मी काही तरी बोलणार होतो. तेवढ्यात कारवारचा पूल आला, तू "चाय" म्हणालीस, आणि चहा पिऊन झोपलीस. ते भांडण तिथेच थांबलं. मी अजूनही म्हणतो, सड्यावर नको. उद्याही म्हणेन. पण 'राखायचं' हा शब्द पूर्वी भाषणात मी छाती पुढे काढून फेकायचो, तो आता फेकता येत नाही. तुझं उत्तर आठवतं आणि पुढचं वाक्य अडतं.

पावसाळ्यात मंदाचा फोन आला. "भावजी, येवा बघू. सासूबाई शेतात हरळी लावतत! गाव हसता." तू त्या तांबड्या चिखलात शेणखत कालवून, एकेक पेर खोचत बसली होतीस. भोवती जुन्या साड्यांचं कुंपण. विळ्याने कापायचीस, पुन्हा वाढू द्यायचीस, पुन्हा कापायचीस. चवथीला तुझ्या घरच्या गणपतीला दूर्वा म्हापशाच्या बाजारातून आल्या नाहीत, घरच्या शेतातून आल्या, आणि हसणाऱ्या प्रत्येक शेजारणीला तू एकेक जुडी पोचती केलीस. मला फोनवर म्हणालीस, "ग्रीन झाला." ग्रीन! गोल्फात झेंड्याभोवतीच्या हिरवळीला म्हणतात तो शब्द. अंथरलेल्या चादरीएवढं होतं ते, फार तर दोन चादरींएवढं. "दिवाळी झाली की येतो बघायला," मी म्हणालो. दिवाळी झाली, आणि एका दुपारी जेवून पडलीस ती उठलीच नाहीस.

बाराव्याची पंगत उठल्यावर मी मंदाला म्हणालो, शेतात जाऊया. ती वाटेत बोलत राहिली. "राग येऊ देऊ नकात भावजी, पण ती हरळी आता काढूंक व्हयी. सगळ्या शेतात पसरली तर पुढे भात कधी करूचा? हेंका सांगून ठेवलंय, बारावो झालो की पयला काम ता." तिचंही खरं होतं. तुझ्या बाजूने बोलायचं होतं, आते, पण शेत माझं नव्हतं आणि तू नव्हतीस.

बांधावर आलो आणि दोघेही थांबलो. डंपाची ती तांबडी भिंत, तिच्यापुढे तांबडं शेत, आणि मधोमध तुझं हिरवं. साडीचं कुंपण एका बाजूने आडवं झालं होतं. आत शेजाऱ्यांची म्हैस उभी होती, काळीभोर, मान खाली, शांतपणे चरत. तिच्या पाठीवर एक बगळा. लाल, हिरवा, काळा, पांढरा. मी कितीतरी नेपथ्यं उभी केली, असं एक मला जन्मात जमलेलं नाही.

मंदाने बांधावरची काठी उचलली, धावत गेली आणि म्हशीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. काठी वरच्या वर.

"हाकलू काय मी?" मी विचारलं.

तिने काठी खाली आणली. म्हशीने जीभ गवताला गुंडाळून ओढतानाचा तो करकर आवाज आम्हा दोघांना ऐकू येत होता.

"नको भावजी," ती म्हणाली. "मी लग्न होऊन ह्या घरात इलंय, त्या दिवसापासून आमच्या शेतात जनावरान तोंड घातलेला माका दिसूंक नाय. चरूं दी तिका. आणि हेंका मीच सांगतंय, हरळी काढूंक नाय म्हणून."